पाऱ्याची नळी आणि चेक लाइट

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



सकाळी डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले, परदेशातून आलेली मंडळी बोलली. मला संयोजकांनी सांगितलंय, तू गाड्यांवर बोल, वीस मिनिटं, त्यानंतर चहा आहे. आता गाडी हा विषय काही वीस मिनिटांत बसत नाही. म्हणून मी तिचा एकच भाग निवडला. काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला तीन किंवा चार वायरींचा कपलर. त्याला मॅप सेन्सर म्हणतात. मॅप म्हणजे इथे नकाशा नव्हे. ‘मॅनिफोल्ड अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर’ या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर.

हाच का निवडला? एक तर, आपल्या ग्रुपवर ‘चेक लाइट लागलाय रे, काय करू?’ असं विचारणारे तुम्ही निम्मे लोक इथे बसला आहात. आणि दुसरं, माझ्या गॅरेजात जे भाग विनाकारण बदलून आलेले दिसतात, त्यांत हा फार वरच्या नंबरावर आहे. सेन्सर चांगला असतो, त्याला काढून टाकतात, नवा बसवतात, दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. गिऱ्हाइकाचे पैसे गेले, दुकानदार इलेक्ट्रिकचा भाग परत घेत नाही, आणि बिघाड जिथे होता तिथेच आहे.

मी १९९३ साली वाईत गॅरेज टाकलं, तेव्हा गाड्यांना कार्ब्युरेटर होते. स्क्रू फिरवायचा, कान लावायचा, सायलेन्सरचा धूर बघायचा. २००० सालाच्या आसपास पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन आलं आणि पेट्रोल किती सोडायचं हे ठरवण्याचं काम एका छोट्या कॉम्प्युटरकडे गेलं. त्याला आम्ही ईसीएम म्हणतो. या ईसीएमची एकच मोठी अडचण असते. पेट्रोल नीट जळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल तो मोजून सोडू शकतो, पण हवा किती आली हे त्याला कुणीतरी सांगायला लागतं. काही गाड्यांत आत जाणाऱ्या हवेचा प्रवाहच मोजतात. बाकीच्यांत काय करतात? दाब मोजतात, तापमान मोजतात, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते मोजतात आणि गणित करतात. वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांचं नातं आपण शाळेत पाठ केलं होतं. ते पुढे कुठे उपयोगी पडणार असं वर्गात कुणीतरी कुजबुजलं होतं. तर ते तुमच्या गाडीत सेकंदाला अनेक वेळा उपयोगी पडतंय.

सर समोर बसलेत, म्हणून जरा धीर करून शाळेतलंच सांगतो. प्रयोगशाळेत लाकडी पेटीत पाऱ्याचा वायुदाबमापक होता. टॉरिचेलीचा प्रयोग, १६४३. एक मीटर लांबीची नळी पाऱ्याने भरायची, तोंडावर बोट धरून वाटीतल्या पाऱ्यात उलटी करायची. पारा उतरतो आणि सुमारे ७६० मिलीमीटरवर थांबतो. त्याच्या वर नळीत उरते ती पोकळी. बाहेरची हवा वाटीतल्या पाऱ्यावर दाबते, आणि वर पोकळी असल्यामुळे तिला विरोध करायला कुणी नसतं. मॅप सेन्सरच्या पोटात नेमकं हेच आहे, फक्त पारा नाही. सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला कायमची बंद केलेली पोकळी, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधली हवा. हवा दाबते तसा पडदा वाकतो, त्याच्यावरचे रोध बदलतात आणि तेवढं व्होल्टेज बाहेर येतं. तीन वायरी असतील तर एक ईसीएमकडून येणारी पाच व्होल्टची, एक अर्थची आणि एक सिग्नलची. चौथी असेल तर ती हवेच्या तापमानाची.

आता पास्कल. १६४८ साली पास्कलने आपल्या मेहुण्याला, पेरिए त्यांचं नाव, फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढायला सांगितलं. वर गेल्यावर पारा सुमारे तीन इंच खाली उतरला. डोंगरावर हवेचा थर कमी, म्हणून दाब कमी. हे पुस्तकात होतं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पेरिएंनी तशीच एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवली आणि एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं. वरचा पारा डोंगरामुळे उतरला, की त्या दिवशी हवामानच बदललं होतं, हे कळायला खाली एक साक्षीदार पाहिजे. खालची नळी दिवसभर हलली नाही, म्हणून वरच्या नळीवर विश्वास ठेवता आला.

सेन्सर तपासायचा म्हणजे हेच करायचं. साक्षीदार शोधायचा.

सुदैवाने तो फुकट मिळतो. गाडीची किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. पिस्टन हलत नाहीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये आणि बाहेर एकच हवा, एकच दाब. त्या वेळी स्कॅनरवर जो आकडा येतो तो त्या गावच्या हवेचा दाब असला पाहिजे. आपलं वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडं वर, म्हणजे सुमारे ९३ किलोपास्कल. रत्नागिरीला १०१ च्या जवळपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. दोन-एक आकडे इकडे तिकडे चालतात. पण वाईत उभ्या गाडीचा सेन्सर, इंजिन बंद असताना ७० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग यांपैकी काहीतरी खोटं बोलतंय. ९३ दाखवत असेल, तर निदान या एका ठिकाणी तरी तो खरा आहे. एवढी तपासणी करायला एक मिनिट लागतं. एक मिनिट! आणि ती न करता भाग मागवले जातात.

इथे एक गंमत सांगतो. माझ्याकडची पोरं हुशार आहेत, बरीचशी आपल्याच शाळेची. त्यांतल्या एकाने मोबाइलवर हवामान बघितलं. त्यात दाब १०१० आला, म्हणजे १०१ किलोपास्कल. स्कॅनरवर ९३. तो म्हणाला, काका, सेन्सर गेला. त्याला सांगितलं, बाबा, हवामानवाले सगळ्या गावांचे आकडे समुद्रसपाटीवर आणून सांगतात. नाहीतर नकाशावर पुणे कायमच कमी दाबाचा पट्टा दिसेल. तुला वाईतली खरी हवा पाहिजे, समुद्रावर नेलेली नको. विश्वकोशाच्या गावात राहतोस, एवढं माहीत पाहिजे. आता तो हे नव्या पोरांना माझ्यापेक्षा चांगलं समजावतो.

आणखी एक सावधगिरी. स्कॅनरवर हवेच्या दाबाचा वेगळा आकडाही दिसतो, आणि मॅपचा आकडा त्याच्याशी जुळला की लोक निर्धास्त होतात. काही गाड्यांत त्यासाठी ईसीएममध्ये वेगळा सेन्सर असतो, तिथे ठीक आहे. पण काही गाड्यांत ईसीएम किल्ली ऑन केल्यावर मॅप सेन्सरलाच विचारतो आणि तोच आकडा हवेचा म्हणून लिहून ठेवतो. मग ते दोन्ही जुळणारच. आरोपीलाच साक्षीला उभं केल्यासारखं झालं. तिथे गावाची उंची हाच साक्षीदार.

किल्लीनंतर इंजिन सुरू करायचं. साध्या पेट्रोल गाडीत, म्हणजे टर्बो नसलेल्या, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना हवेचं दार जवळजवळ बंद असतं आणि पिस्टन ओढत असतात. त्यामुळे आतला दाब ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. पाय दाबला की दार उघडतं आणि आकडा झटकन बाहेरच्या हवेजवळ जातो. मल्टिमीटर लावलात, तर बऱ्याच अशा सेन्सरांवर इंजिन बंद असताना चार व्होल्टच्या वर आणि आयडलला एक ते दीड व्होल्ट दिसतं. डिझेलचं वेगळं. तिथे हवा अडवून ठेवायची पद्धत नाही, त्यामुळे आयडललाही आकडा बाहेरच्या हवेच्या आसपासच राहतो, आणि टर्बो हवा कोंबायला लागला की दीडशे, दोनशेकडे चढतो. पेट्रोलच्या सवयीने डिझेलचा आकडा वाचून ‘व्हॅक्यूमच नाही’ म्हणणारे मेकॅनिक मी बघितलेत.

आता ज्या गाडीसाठी मी हे सगळं सांगतोय, त्या गाडीकडे येतो.

आपल्यापेक्षा बरीच वर्षं मागे असलेला, आपल्याच शाळेचा एक मुलगा. नाव सांगत नाही, तो ऐन हंगामात इथे येऊही शकणार नाही. त्याची डिझेल पिकअप आहे. पहाटे वाईतून दूध, भाजी, किराणा भरायचा आणि पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना सातच्या आत पोचवायचा. सगळा संसार त्या गाडीवर आणि गाडीवर हप्ता. ती गाडी घाटात मध्येच जीव सोडायची. चेक लाइट लागायचा, पिकअप जायचा, पहिल्या गिअरमध्ये रांगत वर जायचं. बंद करून पुन्हा चालू केली की काही वेळ ठीक. सपाटीवर काहीच नाही. रिकामी असताना काहीच नाही.

त्याने काय केलं नव्हतं? एका ठिकाणी कोड काढला, पी ०१०७, म्हणजे मॅप सेन्सरचा सिग्नल फार कमी. सेन्सर बदलला. आठवड्याने तेच. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, पहिला डुप्लिकेट असेल, कंपनीचा टाका. टाकला. तेच. तिसऱ्या ठिकाणी ईजीआर व्हॉल्व्ह साफ केला. शेवटी कुणीतरी सांगितलं, ईसीएम गेलाय. त्याची किंमत ऐकून बायकोची पाटली मोडायची ठरली होती. दोन हॉटेलांनी उद्यापासून दुसरा माणूस बघतो म्हणून सांगितलं होतं. अशा अवस्थेत तो माझ्याकडे आला, आणि आला तो कोड पुसून. आधीच्या माणसाने दिवा घालवून दिला होता. तुम्हाला सांगतो, कोड पुसणं म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, वेग किती, पाणी किती गरम, हे सगळं ईसीएम लिहून ठेवतो. तेही त्याबरोबर जातं.

किल्ली ऑन, ९३. बरोबर. आयडल, बरोबर. जागेवर रेस केली, आकडा छान चढला, छान उतरला. उभ्या गाडीत काही सापडेना. मग त्याला म्हटलं, उद्या पहाटे माल भर, मी शेजारी बसतो.

लॅपटॉपवर मी दाबाचा आलेख लावला आणि सोबत आणखी दोन-तीन आकडे ठेवले. घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत सगळं सुरळीत. दुसरा गिअर, पूर्ण लोड, दाब दीडशेच्या पुढे. आणि एका चढाच्या वळणावर आलेख सरळ खाली पडला. शून्य. गाडीने मान टाकली, दिवा लागला. पोराचा चेहरा उतरला, आणि मी मात्र खुशीत होतो. ते त्याला आवडलं नसावं.

खुशीत अशासाठी, की त्या एका रेघेने निम्मं काम केलं होतं. शून्य दाब म्हणजे काय? टॉरिचेलीच्या नळीतली वरची जागा, संपूर्ण पोकळी. टर्बो हवा कोंबतोय, इंजिन घाट चढतंय आणि मॅनिफोल्डमध्ये क्षणात पोकळी झाली? हवेला ते जमणारच नाही. होज फुटला असता तरी दाब बाहेरच्या हवेपर्यंत उतरला असता, त्याच्या फार खाली जाण्याचं कारण नाही. म्हणजे ही हवेची भानगड नव्हे, विजेची आहे. टर्बो, होज, इंटरकूलर, फिल्टर सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. दुसरं, त्याच क्षणी ईजीआर व्हॉल्व्हची जागा सांगणारा आकडाही पडला होता. दोन सेन्सर एकाच सेकंदाला मरत नाहीत. त्या दोघांत सामाईक काय, तर ईसीएमकडून येणारी पाच व्होल्टची लाइन. ती कुठेतरी बॉडीला टेकत होती, आणि टेकली की तिच्यावरचे सगळेच आंधळे होत होते. वर पोचल्यावर कोड पुन्हा बघितला, तर पी ०१०७ बरोबर पी ०६४२ ही होता, सेन्सरांना पुरवलेलं व्होल्टेज कमी असल्याचा. आधीच्या एखाद्या स्वस्त रीडरने तो दाखवला नसेल, किंवा दाखवला असेल आणि कुणी वाचला नसेल.

माल उतरवून खाली आलो. बोनेट उघडलं, चाकांना लाकडं लावली, हँडब्रेक ओढला. हेल्परला सांगितलं, गिअर टाकून क्लच अगदी हलकाच सोड, गाडी हलू देऊ नकोस. इंजिन एका बाजूला उचललं गेलं, आणि उचललं ते बोटभर नव्हे, चांगलं दोन बोटं. लॅपटॉपवरचा आलेख पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. मग वायरिंग हाताने चाचपत गेलो. एका ब्रॅकेटच्या कडेला हार्नेसचं आवरण घासून गेलं होतं आणि आत तांब्याचा तीळभर ठिपका चमकत होता.

आता इथे वायरीला टेप गुंडाळून गाडी दिली असती, तर महिन्यांनी ती परत आली असती. वायर घासली का? इंजिन फार हलत होतं म्हणून. इंजिन का हलत होतं? एका बाजूच्या फाउंडेशनचं रबर फाटलं होतं. लोड आला की इंजिन कलायचं, हार्नेस ओढला जायचा, वायर ब्रॅकेटला टेकायची. म्हणून फक्त घाटात, फक्त भरल्या गाडीत. आम्ही फाउंडेशन बदललं. वायरीचा घासलेला तुकडा कापून चांगली वायर जोडली, डाखली, वर उष्णतेने आक्रसणारी नळी घातली, मग नालीदार पाइप, आणि ब्रॅकेटपासून लांब क्लिपने बांधली. हार्नेसला इंजिनाबरोबर हलण्यापुरती ढील ठेवावी लागते, ती ठेवली. आणि त्याचा मूळ सेन्सर, पहिल्यांदा काढलेला, त्याने डॅशबोर्डच्या खणात कागदात गुंडाळून ठेवला होता. किल्लीला लावून बघितला. ९३. साफ करून तोच बसवला. आजही तोच चालू आहे. दोन नवे सेन्सर आता त्याच खणात आहेत.

ही वायरीची गोष्ट झाली. दर वेळी वायरच असते असं मात्र नाही. डिझेलमध्ये खरोखर सेन्सरशीच संबंधित असा जो त्रास मी सर्वांत जास्त बघतो, तो काजळीचा. ईजीआर जळलेला धूर परत मॅनिफोल्डमध्ये आणतो, इंजिनाच्या श्वासनळीतून तेलाची वाफ येते, दोन्ही मिळून डांबरासारखा थर बसतो आणि सेन्सरचं भोक बुजतं. असा सेन्सर खोटं बोलत नाही, उशिरा बोलतो. किल्लीला ९३ बरोबर दाखवेल, कारण उभ्या हवेला घाई नसते. पण पाय दाबला की आलेख उभा चढायच्या ऐवजी तिरका, रेंगाळत चढतो. ईसीएमला वाटतं हवा अजून आली नाही, आणि गाडी आळसावते. पाय काढला की त्याला वाटतं हवा अजून आहे. अशा वेळी सेन्सर काढा, भोक खाली धरा, इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा, प्लॅस्टिकला न खाणारा स्प्रे मारा, घाण गळू द्या, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. ओ-रिंग चिरली असेल तर नवी घाला. टाचणी, तार, सुई काहीही आत घालायचं नाही. हवेची तोफही मारायची नाही. पलीकडे तो केसापेक्षाही नाजूक पडदा आहे. कार्ब्युरेटर क्लीनरही नको, तो आतलं सील खातो. आणि साफ केल्यावर दोन महिन्यांत पुन्हा तितकीच काजळी आली, तर मग काजळी कुठून येते ते बघा.

एक उदाहरण पेट्रोलचं, थोडक्यात. आपल्याच एका वर्गभगिनीची गाडी. दुसरीकडे टायमिंग बेल्ट बदलून आणलेली, तेव्हापासून आयडलला थरथर, ॲव्हरेज पडलेलं, कोड पी ०१०६, म्हणजे मॅपचा आकडा पटत नाही. बाईसाहेब निक्षून म्हणाल्या, सेन्सरच बदल, मला कटकट नको. किल्ली ऑन, ९३. आयडल, ५२. हवा होता तीस-पस्तीस. आता सेन्सर खोटा की इंजिन? साक्षीदार म्हणून मॅनिफोल्डच्या नळीला घड्याळाचा जुना व्हॅक्यूम गेज लावला, माझ्याकडे कार्ब्युरेटरच्या काळापासून आहे. त्याने बारा इंच दाखवले. सतरा-अठरा पाहिजे होते. ९३ मधून ५२ गेले, उरले ४१ किलोपास्कल, आणि ४१ म्हणजे पाऱ्याचे बारा इंचच होतात. दोन वेगळी उपकरणं, एकाला विजेची गरज नाही, आणि दोघांचं उत्तर एक. सेन्सर अगदी खरं सांगत होता. इंजिनच नीट ओढत नव्हतं. आधी फाटलेली नळी शोधली, कुठे नव्हती. मग कव्हर काढलं. बेल्ट एका दात्याने चुकीचा बसवलेला. तो नीट बसवला आणि आयडलला ३४ आला. त्या इथे पुढच्याच रांगेत हसतायत, म्हणजे गाडी ठीक असावी.

पावसाळ्यातलं सांगायचं तर, कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडणं आणि उंदरांनी वायरी कुरतडणं, हे दोन आपल्या भागात कायमचे. कार धुताना बोनेटखाली प्रेशरचं पाणी मारायचा शौक असलेल्यांना हात जोडून विनंती, नका मारू.

तुमच्यापैकी कुणी स्वतः पाना धरणार नाही, हे मला माहीत आहे. पण गॅरेजात उभं राहून दोन प्रश्न विचारता येतात. दिवा स्थिर असेल तर घाबरू नका, सावकाश चालवत गॅरेजला न्या. दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन झटके देत असेल, तर ते मिसिंग आहे, पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला महाग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतोय. बाजूला घ्या, बंद करा. गॅरेजात कोड पुसण्याआधी कागदावर लिहून घ्यायला सांगा, सगळे, एक नव्हे. ‘सेन्सर गेलाय’ म्हणाले तर विचारा, किल्लीला किती दाखवत होता? जो माणूस आकडा सांगेल त्याच्याकडून खुशाल बदलून घ्या, कारण सेन्सर खरेच जातातही. पडदा थकतो, आतलं सील सुटतं, आकडा एकाच जागी गोठतो, कितीही पाय दाबा हलत नाही. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. त्या पिकअपवाल्यासारखा कागदात गुंडाळून ठेवा.

चहाची वेळ झालीय, संयोजक घड्याळ दाखवतायत. उद्या सकाळी आपल्या सहा गाड्या महाबळेश्वरला जाणार आहेत. स्कॅनर मी पहिल्या गाडीत लावून देतोय, किल्ली ऑन करून शाळेच्या दारात ९३ आलाय का तो बघा आणि वर बाजारपेठेत पोचल्यावर इंजिन बंद करून पुन्हा बघा. एक जण इथे खाली थांबायला पाहिजे, दुसऱ्या स्कॅनरपाशी. सर म्हणतायत त्यांचे गुडघे दुखतात, ते घाट चढणार नाहीत. तर खालची नळी सर सांभाळतील. वर पोचल्यावर त्यांना फोन करून आकडा सांगा.